धर्मकाटा

कळमन्याच्या धर्मकाट्यावर एकवीस वर्षं झाली.
आधी भरला ट्रक घेतो, मग रिकामा.
दोघांतला फरक म्हणजे माल.
एकदा भरल्या खेपेला ड्रायव्हर उतरायचा विसरला,
त्याचे बासष्ट किलो मी संत्र्यांतून वजा केले.

जूनमध्ये हर्षलताचा फोन आला.
कूलरच्या घरघरीत अर्धं ऐकू येत नव्हतं.
"बाबा, मलेबी मत हाये."
कधीकाळी त्यांच्या राज्याखाली होतो आपण,
त्या नात्याचा उरलासुरला हक्क म्हणे.
दवाखान्यात रात्रपाळ्या करणाऱ्या पराते सिस्टरलाही कागद आला:
युरोपच्या संघात राहायचं, की निघायचं?
"तुम्ही तर जन्मभर निघायचंच म्हणत आले. सांगा आता."

म्हणत आलो, खरं आहे.
इतवारीतल्या भिंतींवर चुन्यात नीळ कालवून
मी आणि भैयालाल निखारेनं लिहिलंय: वेगळा विदर्भ.
कोळसा आमचा, राख आमची, दिवे दुसऱ्यांचे.
डिसेंबरात सरकार येतं दोन आठवडे,
हुरडा खातं, संत्र्यांच्या पेट्या डिकीत भरतं, जातं.
राजधानी होतो हो आम्ही.
झिरो माईलचा दगड अजून सगळ्या गावांची अंतरं सांगतो;
तुला कुठं जायचंय, हे त्याला कोणी विचारलं नाही.

"तिकडचे काय म्हणतात?"
तिच्या वॉर्डात एक म्हातारा कोळी आहे.
म्हणतो, समुद्र आमचा,
आणि मासे किती धरायचे ते ब्रुसेल्सचा बाबू ठरवणार?
"बरोबर बोलते बुढा," मी म्हटलं. आपला माणूस वाटला.
"त्याची लघवीची नळी आग्न्येश्का बदलते, बाबा. पोलंडची."
दोघी एका डब्यातून जेवतात.
आईनं पाठवलेल्या मसाल्याचा पाटवडी रस्सा
ती नाक पुसत खाते आणि परत मागते.
"निघाले, तर तिचं काय होईल, कोनालेच मालूम नाही."

धाकटा भाऊ आणि मी वेगळे झालो
तेव्हा आठ फुटांची भिंत घातली.
नळ एकच होता. अजून एकच आहे.
पहाटे चारला दोन्हीकडच्या बादल्या एकमेकींवर आपटतात.
आधी चुलीवरून भांडायचो, आता पाण्यावरून.
पण हेही खोटं नाही
की भिंतीनंतरच माझी बायको मोठ्यानं हसायला लागली.
हे कुठल्या पारड्यात टाकू?

त्या रात्री रांग नव्हती. काट्यावर मीच जाऊन उभा राहिलो.
साठ टनांच्या यंत्राला माणूस नीट कळत नाही,
वीस-वीस किलोंनी आकडा सरकतो.
साठ म्हणालं. मग ऐंशी. मग परत साठ.
खाली उतरलो तर शून्यावर यायलाही वेळ लावला.
ट्रकचं सोपं आहे, माल उतरवून परत आणता येतो.
देश कुठं रिकामा करायचा?

"माझं ऐकून मत टाकू नको," मी तिला म्हटलं.
"माझ्यात रागाचं वजन आहे. तू तिथं राहतेस."
"म्हणजे राहायचं?"
"तसं नाही म्हटलं मी."
"मग निघायचं?"
कूलरचं पाणी संपलं होतं. बादली आणायला उठलो.

बावन्न आणि अठ्ठेचाळीस.
एवढ्या फरकावर मी व्यापाऱ्याला म्हटलं असतं,
चाकांचा चिखल काढा, परत चढवा.
तिनं काय केलं ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.
एवढंच म्हणाली, आग्न्येश्का ड्युटीवर आली होती,
म्हाताऱ्यानं नेहमीसारखं थँक यू म्हटलं,
आणि मग दोघंही खिडकीकडे बघत बसले.

रविवारी व्हरायटी चौकात धरणं होतं.
गेलो. सतरंजीवर पुढंच बसलो.
घोषणाही दिली, पूर्ण आवाजात,
फक्त सगळ्यांच्या अर्धा श्वास मागून.
भैयालालनं वळून पाहिलं.