आमच्यात नसते

पुस्तकला वलथरेनं
काट्यावरचा कतला उचलला, ओला हात लुगड्याला पुसला
आणि एका दमात सांगितलं:
साडेसात किलो, एकशेसाठनं बाराशे,
बर्फाचे नव्वद गेले,
सहा जाळ्यांना एकशे पंच्याऐंशी.
मी मोबाइल काढेपर्यंत
पोरं पैसे घेऊन पाळीवरून उतरलीही होती.

मग मी फॉर्म पुढं केला.
सोसायटीला हिशेबनीस पाहिजे, म्हटलं, तुम्हीच व्हा.
ती हसली.
"नाइ जी. आमच्यात हिसेब नसते.
ढिवराची जात. हात पान्यात, डोस्कं बी पान्यात."

हे वाक्य तिचं नव्हतं.
सासऱ्याच्या बापाला कुणीतरी
तलावाच्या लिलावात ऐकवलं असणार,
त्यानं ते टोपलीत घालून घरी आणलं.
बोडीत सोडलेल्या परक्या मांगूरसारखं
ते वाढलं, इथलं बारीकसारीक खात गेलं,
आता विचारा कुणालाही:
हा तर आमचाच मासा.

साकोलीच्या ट्रेनिंगला
कागदावर आधी जात लिहायची होती,
मग स्त्री की पुरुष,
मग गणितं.
तिसऱ्या गणिताला तिनं पेन खाली ठेवलं,
शेजारणीला म्हणाली, "आपन बाया. आपल्याले कोनतं जमते?"
दुपारी डबे उघडले तेव्हा
चंद्रपूरकडची एक जण सहज बोलून गेली,
तुम्ही तलाववाले, तुम्हाला पाणी कळते बाई.
तर हिनं खडू मागून घेतला
आणि फरशीवर मांडलं
किती एकराला किती बीज, उन्हाळ्यात किती मरते,
उरलेल्याचं वजन दिवाळीला किती.
भाजी तशीच राहिली.

मी हसणार होतो तिला, नंतर, घरी जाताना.
पण पुण्याच्या नोकरीत
मीटिंगला पाच मिनिटं उशीर झाला
की कुणी तोंड उघडायच्या आत मीच म्हणायचो,
"आम्ही विदर्भातले, भाऊ,
आमच्याकडे उन्हानं घड्याळच वितळते."
सगळे हसायचे.
मी सगळ्यांच्या आधी.
पिशवीत रात्रभर जागून केलेला रिपोर्ट असायचा.

पुस्तकलाबाईनं फॉर्म उलटा करून पाहिला.
मागची कोरी बाजू तिला जास्त पटली असावी,
ती बराच वेळ तीच धरून बसली.
"तुमच्यात काय नसते, बापू?"

मी पेनाचं टोपण लावलं, काढलं.
मासा केव्हाच गेला होता,
पारडं अजून हलत होतं.