राखणदार

बांबोळीच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडाला धरला.
पेरांच्या कडा कुरतडलेल्या,
खेकड्यांनी बांध पोखरावा तशा.
"बाहेरचं कुणी नाही, सुकांतीताई.
तुमचेच पहारेकरी.
हाड फोडणाऱ्यांना तेच हाळी देतात,
सांधणाऱ्यांचे हात धरून ठेवतात."

चाळीस वर्षं मीठ ओढलं या हातांनी.
आता सकाळी मूठ मिटत नाही,
दहा वाजतात बोटं जागी व्हायला.

आगरवाड्याच्या वेशीवर बस सोडली.
राखणदाराला दरसाल रोट देते मी, वहाणाही.
आज नुसतं विचारलं:
काठी आपटत रात्रभर फिरतोस,
अंधारात कधी
आपलंच दार परकं वाटलं का रे तुला?

रविवार. आठवड्याची गोळी गिळली.
भरती चढत होती.
मानशीची फळी
मनगटानेच रेटून लावली.