इतिवृत्तात न आलेलं

वार्षिक सभा. माझगावच्या देवळामागचा हॉल,
पंख्याच्या पात्याला चिकटलेलं कबुतराचं पीस.
विषय क्रमांक सहा : छपराची गळती.
मी हात वर केला.
विचारलं इतकंच, की दोन वर्षं झाली,
छपरासाठी जमवलेले पैसे आहेत कुठे.

शांतवनराव तोरणे, मंडळीचे वडील,
चष्म्यावरून पाहत म्हणाले,
'सुगंधची ना तू? काल-परवापर्यंत
संडेस्कूलात फ्रॉकला नाक पुसायचीस.
बस खाली.'

हॉल हसला.
मागच्या रांगेतली माझी आत्यासुद्धा.

(मराठीत सोय किती पाहा,
बापालाही वडील, पंचालाही वडील,
वयानं पुढे गेलेल्या कुणालाही वडील.
एका शब्दाला तीन खुर्च्या,
आणि बाकीच्यांना उभं राहायला जागा नाही.)

मी बसले.
बसताना लोखंडी खुर्ची करकरली,
तेवढंच माझं उत्तर.

घरचा जिना चढताना मात्र
मी त्यांना चौदा उत्तरं दिली.
पहिल्या मजल्यावर त्यांच्या मुलाच्या फ्लॅटचं काढलं,
दुसऱ्यावर त्यांच्या कवळीचं.
तिसऱ्यावर वचन सापडलं,
तरुणांच्या बाजूनं बोलणारं, तरुण संघाच्या बॅनरवर असतं ते.
त्याला धार लावून ठेवली.

रात्री खात्रीसाठी शास्त्र उघडलं.
वचन जागच्या जागी होतं.
आणि चार बोटं खाली,
श्वास घ्यायलाही उसंत न देता,
म्हाताऱ्या माणसाशी कसं बोलायचं, तेही.
ते बॅनरवर मावलं नव्हतं.

इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडेच.
'सहा : छपराच्या निधीबद्दल विचारणा झाली.
उत्तर मिळाले नाही.'
नाक, फ्रॉक, हशा
यातलं काही लिहिलं नाही.
पाळकसाहेबांनी दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून विचारलं,
'हे राहू दे का?'
म्हटलं, राहू दे.

बुधवारी गेले त्यांच्याकडे. एकटीच.
मुद्दाम नानकटाई नेली नाही,
हातात गोड असलं की
माफी मागायला आल्यासारखं दिसतं.
बनियनवर होते. आत जाऊन शर्ट घालून आले.
म्हटलं, 'काका, रविवारी मला लागलं.
तुम्ही चारचौघांत बोललात,
मी इथे येऊन सांगतेय.
आणि प्रश्न अजून तोच आहे.'

त्यांच्या कानातलं यंत्र बारीक शिट्टी वाजवत राहिलं.
बाहेर जिन्यावरून कुणीतरी गॅसचा सिलिंडर
पायरीपायरीनं आपटत खाली नेत होतं.
'चुकलं' असं ते म्हणाले नाहीत.
म्हणाले, 'साखर किती?'
नको म्हटलं तरी दोन चमचे पडले.

सिलिंडर तळमजल्याला पोचला असेल, तेव्हा म्हणाले,
'पासबुक खजिनदाराकडे असतं.
मी दोनदा मागितलं.
तो म्हणतो, तोरणेकाका, तुम्ही आता आराम करा.'

'बस खाली'चंच हे
अदबीनं केलेलं भाषांतर.
मी चहा संपवला. फार गोड होता.
निघताना त्यांनी विचारलं,
पुढची सभा कधी आहे.
तारीख त्यांना पाठ असणार, तरी विचारलं.

या रविवारी संडेस्कूलात
ओबेदनं हात वर केला, सात वर्षांचा,
पुढचे दोन दात नसलेला :
'टीचर, माशाच्या पोटात
योनाला शू लागली तर?'

वर्ग फुटला.
माझ्या जिभेवर दोन शब्द तयार होते,
वारशानं आलेले, वापरून गुळगुळीत.

गिळले.
म्हटलं, 'उभा राहा.
नीट उभा राहा, आणि पुन्हा विचार.
मोठ्यानं.'