अधिक तास

जिन्याखालच्या कपाटात, झाडू आणि छत्र्यांच्या मागे
मीटर बसलंय.
रात्री सव्वाअकरापासून मी त्याच्यासमोर
उलट्या बादलीवर. मांडीवर वही, दातांत टॉर्च.

बटण दाबलं की आधी तारीख, मग दर एक, मग दर दोन,
मग काहीतरी, जे कुणालाच माहीत नाही,
मग परत तारीख.
साडेअकराला भिंतीपलीकडे टक्क.
हीटरच्या पोटातल्या विटा तापायला लागतात.
अंक वाढतो तो मात्र दर एकचा.
महागडा. दिवसाचा.
दर दोन जागचा हलत नाही,
पाहुण्यांसमोर पाढे म्हणायला उभ्या केलेल्या पोरासारखा.

साडेबाराला हलतो.

म्हणजे तापवणारा एक तास आधी उठतो
आणि हिशेब ठेवणारा एक तास उशिरा.
सकाळी विटा साडेसहालाच गप्प,
आणि साडेसातपर्यंत स्वस्त वीज
पानं वाढून ठेवल्यासारखी, पंगतीला कुणी नाही.

दुष्काळात तेरावा महिना ऐकून होते.
सात स्वस्त तासांच्या करारात
हा आठवा आला कुठून?

कंपनीला फोन. बेचाळीस मिनिटं बासरीचं एकच वळण.
मग शर्लीन. आडनाव?
टिपणीस. टी फॉर ट्रेन, आय फॉर इंक, पी फॉर पेपर,
एन. नाही, एम नाही. नाईटमधला.
शर्लीन म्हणाली, मीटर स्मार्ट आहे, चुकत नाही.
मग म्हणाली, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी
सगळं आपोआप जुळेल.
मी म्हटलं, आणि मार्चमध्ये?
तिकडे पुन्हा बासरी.

शेजारी क्लिफर्ड गार्डनर, वय एक्क्याऐंशी,
मोरकमच्या खाडीत कोळंबी धरता धरता गुडघे गेलेले.
कुंपणापलीकडून सगळं ऐकून घेतलं,
आत जाऊन खिळ्यावरची भरती-ओहोटीची पुस्तिका आणली.
पहिल्याच पानावर मातकट अंगठा:
वेळा ग्रिनिचच्या. उन्हाळ्यात एक तास मिळवावा.
"समुद्र काटे पुढे करत नाही, पोरी.
मिळवायचं विसरलेले दोघं माझ्या ओळखीचे होते."
एवढंच. मग कांद्याच्या वाफ्याकडे वळला.

मी कुंपणापाशी तशीच.
समोर ओहोटी, मैलभर चिखल, पाण्याची नुसती रेघ.
माझ्या कपाटातही असंच कुणीतरी बसलंय,
उन्हाळा न मानणारं.
हिशेब ग्रिनिचचा, विटा लोकांच्या घड्याळाच्या.
आमच्याकडे अख्खा महिना मिळवतात,
त्याला नाव देतात, जावयाला अनारसे वाढतात.
इथे तास मिळवतात मध्यरात्रीनंतर, सगळे झोपेत असताना,
आणि मीटरला कुणी सांगितलेलं नसतं.

एकोणीस रात्रींची टिपणं पाठवली.
दर पंधरा मिनिटांनी एक आकडा,
समासात कॉफीचा डाग, एके ठिकाणी नुसतंच "झोप लागली".
आमच्या कुळातल्या कुणी कुठल्या दप्तरात काय टिपलं
ते वाळवीने खाल्लं, आडनाव तेवढं उरलं.
इतक्या पिढ्यांनी त्याला काम मिळालं.

या वेळी फोनवर नाझनीन.
बराच वेळ पानं उलटल्याचा आवाज.
मग हळूच: "तुमचं बरोबर आहे."
नवं वेळापत्रक हवेतून पाठवते म्हणाली, चोवीस तास द्या.
सहा दिवस लागले.

सातव्या रात्री पुन्हा बादली, पुन्हा टॉर्च.
साडेअकरा. टक्क.
दर दोनचा शेवटचा अंक
आठाचा नऊ झाला.
मी टाळी वाजवली, टॉर्च पडला,
आणि अंधारात छत्र्या अंगावर आल्या.

एकतीस पौंड शेहेचाळीस पेन्स परत मिळाले.
क्लिफर्डला अनारसे करून द्यायचे होते,
पहिला घाणा तुपात विरघळला, मग विकतचा केक दिला.
त्याचं स्वतःचं मीटर जुनं, चकतीचं,
त्याला एकच दर, दिवस काय रात्र काय.

मायक्रोवेव्हचं घड्याळ मार्चपासून तासभर मागे आहे.
परवा हात पुढे केला होता,
मग राहू दिलं.
घरात कुणीतरी ग्रिनिचचं असावं.