बांधावरून कोणी चाललं की

मला सुरातलं काही कळत नाही, मला भात कळतं.
दाताखाली दाणा धरला की सांगतो
अजून किती दिवस उन्हात पडू द्यायचं.
तरी माणसं येतात, तोरिनोहून, एकदा तर जपानमधून,
आणि विचारतात: एर्सीलिया बोनार्दो लहानपणी कशी होती?
उपाशी होती, म्हणतो मी. आम्ही सगळेच होतो.
ते लिहून घेत नाहीत.

बाप कालव्यावर पाटकरी. आई
मे उजाडला की पोटऱ्यांपर्यंत पाण्यात,
चाळीस बायकांच्या ओळीत वाकलेली,
निंदता निंदता गाणारी
आणि त्याच चालीवर मुकादमाला शिव्या घालणारी.

पियानो गावात एकच, एवाझियो पाद्रीबाबांच्या घरी.
सात पट्ट्या मुक्या.
एर्सीलिया पहाटे त्यांच्या कोंबड्यांना दाणे टाकायची,
बदल्यात एक तास.
मुकी पट्टी आली की तो सूर तोंडानं भरायची.
ही खोड मोडायला पुढं तोरिनोत तीन वर्षं गेली,
तरी पुरती मोडली नाही.
तिच्या जुन्या तबकड्या कान देऊन ऐका,
मधेच एक बाई गुणगुणते.

सोळाव्या वर्षी गेली.
मग नुसती पोस्टकार्डं. जिनिव्हा: दुसरा नंबर.
व्हिएन्ना: थंडी.
बुखारेस्ट: पियानो बरा, सूप नाही.
लग्न, एका व्हायोलिनवाल्याशी. पुढच्या दोन पत्रांत तो होता,
तिसऱ्यात नव्हता.
आईच्या मातीला ती ओस्लोत.
त्या रात्री वाजवलंस का, हे मी विचारलं नाही.
वाजवलं असणार.
चार वर्षं मी तिच्याशी बोललो नाही.

मग मिलान. तिनं तिकीट धाडलं.
मेव्हण्याचे बूट घालून गेलो, एक नंबर लहान.
पाऊण तास मी फक्त माझे पाय ऐकले.
आणि मग एका ठिकाणी
तिनं दोन्ही हात वर उचलले
आणि काहीच वाजवलं नाही.
हजारभर माणसं. साधा खोकला नाही.

ती शांतता माझ्या ओळखीची होती.

जूनच्या रात्री खाचरं बेडकांनी भरलेली असत.
बांधावरून कोणी चाललं
की पाऊल पडेल तिथले तेवढे गप्प.
बापाला कालव्यावर जेवण देऊन आई परतायची
आणि आम्ही दोघं, एका घोंगडीखाली,
त्या गप्प होण्याच्या मागोमाग कान न्यायचो:
आता पॉप्लरपाशी. आता फळीच्या पुलावर.
आता दाराशी.

कार्यक्रम संपल्यावर आत गेलो, बूट हातात घेऊन.
म्हटलं, कोण चालत होतं?
ती फुलं ठेवायला जागा शोधत होती.
तशीच उभी राहिली.

एकसष्टाव्या वर्षी डाव्या हाताची करंगळी वळेनाशी झाली.
तिनं कुणाला सांगितलं नाही, वर्षभर चार बोटांत भागवलं,
एका टीकाकारानं त्याला 'नवी संयत शैली' म्हटलं,
त्यावर ती इतकी हसली की वाजवणंच सोडलं.
परत आली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून पियानो आला,
खिडकीची चौकट काढून आत घेतला.
पहिल्या रात्री उशिरापर्यंत पायरीवर बसली होती.
बेडूक कुठायत?
फवारणी सुरू झाल्याला वीस वर्षं झाली, म्हटलं.
आता निंदायलाही कुणी लागत नाही.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, सगळंच गप्प असलं
तर आलं कोण, हे कळायचं कसं?

ती गेल्याला सहा हिवाळे झाले.
पियानो ओल धरतो. सूर लावणारा म्हणतो, यंत्र बसवा.
मी त्याच्या पोटाखाली तांदळाचं पोतं ठेवतो, तोंड उघडं.
महिन्या-दोन महिन्यांनी एक दाणा दाताखाली धरतो.
कट् वाजला नाही, मऊ लागला, की समजतो
पाणी यानं ओढलंय, लाकडानं नाही.
पोतं बदलतो.
जुने तांदूळ पहाटे कोंबड्यांना टाकतो.