पाचव्या दिवशी, रात्री दोन वाजता

बापा,
डोळे मिटत नाही, माफ कर.
हंड्यावर लक्ष ठेवायचंय.
आमच्याकडे पाणी पाच दिवसांनी येतं,
कधी सहा,
आणि येतं तेव्हा उपासनेची वेळ बघून येत नाही.

सुरुवात स्तुतीने करायची असते, मला माहीत आहे.
आधी उपकार, मग पापकबुली, मागणं शेवटी.
आज क्रम चुकणार.
आज स्तुती तोंडात बसत नाही,
नव्या कवळीसारखी टोचते.

रिबेका गेली त्याला चौदा महिने झाले.
सिव्हिलच्या हिरव्या पडद्यामागे
मंगळवारी आणि शुक्रवारी तिचं रक्त मशीनमधून फिरायचं,
बाहेर बाकावर मी तुझ्याशी बोलायचो.
मशीन तरी अडलं की आवाज द्यायचं.
तू?

पाळकसाहेब चांगला माणूस.
दफनानंतर आठवड्याने घरी आले,
चहा नको म्हणाले, पाण्याचा दिवस लांब होता म्हणून.
म्हणाले, शांतवनभाऊ, आपल्याला इथून
चादरीची उलटी बाजू दिसते,
नुसत्या गाठी, लोंबते धागे.
सुलटी बाजू वर, त्याच्याकडे.
मी मान हलवली.

पण बापा, मी एकतीस वर्षं जॉबर आहे मागांवर.
आमच्या सोलापुरी चादरीला उलटी बाजू नसते.
इकडून तांबड्यावर पांढरा मोर,
तिकडून पांढऱ्यावर तांबडा.
कशीही पांघर, मोर तो मोरच.
एका बाजूने गाठी दिसल्या
तर शेठ तो माल सेकंडमध्ये टाकतो,
किलोवर जातो.
हे त्यांना नाही सांगितलं.
तुला सांगतो. तुला माल कळत असणार.

रविवारी साक्षी होतात.
लूकभाऊच्या पोराला रेल्वेत नोकरी लागली.
एस्तेरमावशीच्या छातीतली गाठ साधी निघाली.
मी टाळ्या वाजवल्या, खऱ्या वाजवल्या.
मग घरी येऊन
तिच्या कुकरची शिट्टी हातात घेऊन बसलो,
म्हटलं, मावशीचं ऐकलंस,
मग हिच्या वेळी काय झालं?
तेलुगूत मागायला हवं होतं का?
गल्लीत शिकवणारे पुष्कळ होते.

कधी वाटतं, तू नाहीसच.
एकदा मोठ्याने म्हटलं हे, कारखान्यात,
चोवीस मागांच्या खडखडाटात,
कुणाला ऐकू जाणार नाही असं.
आणि म्हणून झाल्यावर ध्यानात आलं
की सांगत तुलाच होतो.
हसू फुटलं.
कांडी भरणारी नरसम्मा म्हणाली, काय झालं ओ?
म्हटलं, धागा तुटला.
ती बिचारी शोधायला लागली, कुठला.

ती नळ उघडाच ठेवायची,
पाचही दिवस, खाली पातेलं.
मी चिडायचो. कोरड्या नळाखाली कशाला भांडं अडकवतेस?
म्हणायची, झोप लागली तर आवाजाने जाग येईल.
ती गेल्यावर मी तो पान्ह्याने आवळला.
दोनदा पाणी येऊन गेलं, कळलंही नाही.
शेजारच्या मुमताजभाभीने दोन घागरी आणून दिल्या
आणि वर चार शब्द सुनावले.

आता उघडा ठेवतो.
याला विश्वास म्हणू नकोस.
म्हणजे तुला म्हणायचं तर म्हण,
मी नाही म्हणणार.
तुझ्यावरचा राग घडी घालून आणता येईना,
म्हणून असाच आणलाय, चुरगळलेला.
यातलं थोडं तिच्यावरच्या मायेचंही असेल,
वेगळं काढता येत नाही.

आत्ता नळाने फुस्स केलं.
रिबेका म्हणायची, हवा आली की मागोमाग पाणी असतं.
नेहमी नसतं. मी पाहिलंय.

दोन वाजून चाळीस.
वरच्या मजल्यावर कुणाची तरी बादली सरकली.
आमेन म्हणत नाही अजून.
माझं बोलून व्हायचंय.