बत्तीस आटे

माझा बाप्तिस्मा मला आठवत नाही.
आई सांगायची, साडेतीन महिन्यांचा होतास,
डोक्याला पाणी लागताच असं भोकाड पसरलंस
की पाळकसाहेबांना एक नाव दोनदा घ्यावं लागलं,
आणि त्यांच्या पांढऱ्या झग्यावर तूही तुझं पाणी सोडलंस.
मंडळी हसली म्हणे.
पुरावा एवढाच. आणि एक दाखला,
ज्याच्या घडीवर माझ्या नावातलं एक अक्षर विरलंय :
शां वन रामटेके.

आता मी जलप्रदायचा व्हॉल्व्हमन.
पहाटे सव्वाचारला गड्डीगोदामहून सायकल काढतो,
दांडीला बांधलेली लोखंडी चावी, माझ्या छातीएवढी.
मे महिन्यात त्या वेळीही डांबर कोमट असतं,
खिडक्याखिडक्यांतून कूलर घरघरतात.
झाकण उचलायचं. झुरळं पळतात.
चावी बसवायची, आणि डावीकडे
बत्तीस आटे.
अठराव्यापर्यंत काही ऐकू येत नाही.
मग जमिनीखाली कुणी दम घ्यावा तसं.

पंचेचाळीस मिनिटं, असा नियम.
तीन वर्षं मी लॉजकडची लाइन
सव्वा तास उघडी ठेवली.
महिन्याला बाराशे, वर्तमानपत्रात गुंडाळून.
मुलीच्या नर्सिंगच्या फीत गेले.
हे कारण खरं आहे
आणि तरी कारणच आहे.
गल्लीच्या टोकाला उईकेबाईचा नळ
तेवढा वेळ नुसती हवा सोडायचा.
"पाणी काऊन नाही येऊन राहिलं, भाऊ?"
"लाइन जुनी आहे, बाई," मी म्हणायचो,
आणि सायकलवर टांग टाकायचो.

एप्रिलमध्ये भाचीच्या लेकराचा बाप्तिस्मा झाला.
धर्मबाप मी. इस्त्रीचा शर्ट, हातात मेणबत्ती,
पंख्यानं ती दोनदा विझवली.
पाळकबाईंनी विचारलं, वाईटाला नाकारता का?
सगळ्यांबरोबर मीही म्हणालो, नाकारतो.
माईक माझ्याजवळ होता.
माझाच आवाज पत्र्यावर आपटून
माझ्यावर परत आला.
सैतानाची शिंगं वगैरे नाही दिसली मला.
दिसला एक चौकोनी खड्डा,
आणि माझं मनगटी घड्याळ.
लेकरू रडलं नाही. टकामका बघत राहिलं,
कपाळावरून एक थेंब भुवईत अडकलेला.

जेवणाच्या पंगतीत कुणी म्हणालं,
बाप्तिस्मा माणसाचा एकदाच होतो.
खरं असेल. पण पुरता उघडायला
किती आटे लागतात, कोण मोजतं?
माझ्यात चोपन्न वर्षं
नुसती चावी फिरत होती.

सोमवारी पंचेचाळिसाव्या मिनिटाला
मी उजवीकडे वळलो.
लॉजचा मॅनेजर बनियनवर बाहेर आला,
"काय शांतवनभाऊ, घड्याळ पुढे गेलं का?"
"नाही, आज जागेवर आलं."
त्यानं वर्तमानपत्र पुढे केलं. मी नाही घेतलं.
हात मात्र खिशाजवळ गेला होता,
सवयीनं. हेही लिहून ठेवतो.

घरी कॅलेंडरच्या मागे हिशेब केला :
त्रेचाळीस हजार दोनशे.
परत कुणाला करू? पाणी तर चढावर वाहत नाही.
बायको म्हणाली, झोपा आता.
आठवड्यात माझ्यावर तक्रार गेली,
"कर्मचारी उद्धट." साहेब म्हणाले,
बदली होऊ शकते, वाडीकडे.

मग एक दिवस उईकेबाईच्या दारात थांबलो.
नळ सुरू होता, तिसरा हंडा भरत आलेला.
तीनदा तोंडापर्यंत आलं, चौथ्यांदा सांगितलं :
लाइन जुनी नव्हती, बाई. मी होतो.
पैसे घेत होतो.

तिनं पदर खोचला.
"मले माहीत होतं.
माहा घरवालाबी पाइपच टाकत होता जिंदगीभर.
जुनी लाइन अशी नाही बोलत."
माफ केलं, असं ती म्हणाली नाही.
मीही मागायला शब्द शोधत होतो,
तेवढ्यात ती ओरडली,
"आता बघत काय राहिला?
आधी नळ बंद कर. सांडून राहिलं ना!"

मी वाकलो.
तोटी ढिली होती, वायसर गेलेला.
पाणी बोटांवरून मनगटावर,
मनगटावरून घड्याळात.
उद्या वायसर घेऊन येतो, मी म्हणालो.